संस्था समाजाची की एकाच्या खिशातली?

निजामपुऱ्यातील आमच्या अभ्यासिकेचे बँक खाते एकेकाळी तब्बल दोन वर्षे बंद होते. कोणा मनुवाद्याने ते बंद पाडले नव्हते, ते आमच्याच आळसाने बंद पडले. खजिनदार वारले. नवे खजिनदार आम्ही टाळ्यांच्या गजरात निवडले आणि ठराव वहीत लिहून घरी गेलो. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. सरकारी नोंदीत मृत माणूस खजिनदार राहिला आणि लूमवर बारा-बारा तास उभे राहणाऱ्या बापांनी दिलेली वर्गणी खात्यात अडकून पडली. स्पर्धा परीक्षेची पोरे पुस्तकांसाठी दारोदार फिरली.

तेव्हापासून आम्हाला एक प्रश्न छळतो. ज्या समाजाचा उद्धारकर्ता जगातला एक श्रेष्ठ कायदेपंडित होता, तो समाज आपल्या संस्थांच्या कायद्याबाबत इतका बेफिकीर का?

जरा इतिहास पाहू. 9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची रीतसर नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, सीताराम शिवतरकर चिटणीस आणि खजिनदार निवृत्ती जाधव. प्रत्येकाचे काम ठरलेले होते. 4 जानेवारी 1925 रोजी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले आणि सोलापूर नगरपालिकेकडून त्याला दरमहा 40 रुपयांची मदत मिळवली. अशी मदत मागायची तर घटना हवी, हिशेब हवा, जबाबदार पदाधिकारी हवेत. पुढे 1928 मध्ये शिक्षणाच्या कामासाठी वेगळी संस्था काढली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये तिचे सिद्धार्थ कॉलेज, 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभा. प्रत्येक टप्प्यावर बाबासाहेबांनी आंदोलनाच्या जोडीने संस्था उभी केली. सभा संपली की गर्दी घरी जाते. वसतिगृहातल्या पोराला मात्र दुसऱ्या दिवशीही जेवण लागते.

1860 चा कायदा इंग्रजांचा आहे, पण त्यातली दोन तत्त्वे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावीत. सात माणसे एकत्र आली की संस्था नोंदवता येते. आणि संस्था विसर्जित झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडेच जाते. म्हणजे संस्था कोणाच्या बापाची जहागीर होऊ शकत नाही, हे कायद्यानेच सांगितले आहे.

संविधान लागू झाले त्याच वर्षी, 1950 साली, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. त्याआधी वेगवेगळ्या धर्मांच्या न्यासांना वेगवेगळे कायदे होते. या कायद्याने मंदिर, दर्गा, विहार, शाळा सगळ्यांना एकच धर्मादाय आयुक्त दिला. म्हणूनच महाराष्ट्रात धर्मादाय उद्देशाच्या संस्थेला दुहेरी नोंदणी लागते: 1860 खाली आणि 1950 खालीही. कलम 22 प्रमाणे पदाधिकारी बदलले तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी हिशेबाची तपासणी करून घ्यावी लागते. कलम 36 प्रमाणे आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन किंवा इमारत विकता येत नाही.

हे कागद किती महाग पडतात ते दादरला विचारा. 25 जून 2016 च्या पहाटे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेसवर बुलडोझर फिरला. जागा बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. खरे विश्वस्त कोण, हाच वादाचा गाभा होता. त्यानंतर मुंबईत हजारोंचा मोर्चा निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. पण विश्वस्तांच्या नोंदीवर समाजाने वर्षानुवर्षे लक्ष ठेवले असते, तर ती पहाट उजाडली असती का?

काही मित्र म्हणतात, "कायदा म्हणजे सरकारचा फास. नोंदणी केली की चळवळ संपली." त्यात तथ्य आहे. परदेशी देणग्यांचा कायदा 1976 मध्ये आणीबाणीत आला. 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला ही रक्कम देण्यावर बंदी घातली. मोठ्या संस्थांच्या आधाराने खेड्यापाड्यांत आणि वस्त्यांत काम करणाऱ्या छोट्या संघटना त्यात भरडल्या गेल्या. याविरुद्ध बोललेच पाहिजे. संघटना स्थापन करण्याचा हक्क कलम 19 ने दिला आहे, तो कोणाची मेहरबानी नाही. पण ज्याची स्वतःची वही कोरी आहे, त्याच्या बोलण्याला वजन कसे येणार? आमच्या कागदातली चूक हे विरोधकाच्या हातातले सर्वात स्वस्त शस्त्र आहे.

आणि सरकारपेक्षा जवळचा धोका घरातच आहे. कितीतरी वस्त्यांत विहाराची जागा एखाद्या भल्या माणसाच्या वैयक्तिक नावावर असते. तो असेपर्यंत सगळे ठीक चालते. तो गेला की वारस उभे राहतात, आणि बुद्धमूर्तीसमोर भाऊबंदकी सुरू होते.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे साधे आहे. या 14 एप्रिलला डीजेची वर्गणी काढण्याआधी आपल्या मंडळाची फाईल उघडा. नोंदणी क्रमांक आहे का? शेवटचा बदल अर्ज कधी दिला? जागा कोणाच्या नावावर आहे? शेवटचा ऑडिट कोणत्या सालचा? उत्तरे वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचा. आया-बहिणींना त्या बैठकीत पुढे बसवा, कारण वर्गणीचा पैसा त्यांच्याही घामाचा आहे.

आमचे खाते शेवटी सुरू झाले. त्यासाठी ठाण्याच्या खेपा घालाव्या लागल्या, वकिलाची फी भरावी लागली आणि सगळ्यांसमोर चूक कबूल करावी लागली. आता अभ्यासिकेच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली वर्षाचा जमाखर्च लावलेला असतो. आमच्या मते तेही अभिवादनच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!