असंतोष, सीमारेषा आणि मतपेटी : मावळच्या संदर्भात एक विचार

सन १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केला. तेथील वंशभेद व येथील जातिभेद यांचा विचार एकत्र करण्याची पुण्यातील प्रथा अशी दीडशे वर्षांची आहे. अलीकडे अमेरिकेच्या निवडणुकांसंबंधी जो वाद तेथील अभ्यासकांत चालू आहे, त्याकडे पाहतानाही ही दृष्टी उपयोगी पडते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर त्या वादाला विशेष धार आली. ग्रामीण मतदाराच्या मनातील रोष हा उपेक्षेतून व आर्थिक ऱ्हासातून उपजला, असे एक पक्ष म्हणतो. या रोषाचे खरे नाव वंशद्वेष आहे, असे दुसरा म्हणतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू या वादाचा निवाडा करण्याचा नाही. असंतोषाचे मतात रूपांतर होते ते कोणत्या वाटेने, एवढाच प्रश्न मावळच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे.

प्रथम अमेरिकेतील स्थिती थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. परंतु दक्षिणेतील राज्यांनी मतदानकर, साक्षरतेची परीक्षा इत्यादी उपायांनी कृष्णवर्णीयांस मतदानापासून दूर ठेवले. ही व्यवस्था मोडण्यास १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६८ साली, जॉर्ज वॉलेस यांनी तिसऱ्या पक्षातर्फे उभे राहून दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली. एके काळी डेमोक्रॅटिक पक्षाचा अभेद्य गड मानला गेलेला हा प्रदेश पुढे हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे गेला. येथे असंतोषाला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, कायद्याने घट्ट केलेली एक सीमारेषा आयती मिळाली होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्याचे चित्र काहीसे निराळे आहे. कॅथरीन क्रेमर यांनी तेथील खेड्यापाड्यांतील गप्पांचे अड्डे अनेक वर्षे ऐकून २०१६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सत्ता, साधनसंपत्ती आणि मान या तिन्ही बाबतींत शहरे आपला वाटा हिरावून घेतात, अशी ग्रामीणांची भावना त्यांना आढळली. परंतु याच राज्याने २००८ व २०१२ मध्ये ओबामांना, २०१६ मध्ये ट्रम्प यांना, २०२० मध्ये बायडेन यांना आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांना कौल दिला. रोष तोच राहिला असे मानले, तरी त्याचा पक्ष कायम राहिला नाही.

आता मावळाकडे वळू. शहरे आपले हिरावून नेतात, ही भावना या प्रदेशात निव्वळ कल्पनेवर उभी नाही. तिला पाण्याचा इतिहास आहे. लोणावळा, वळवण व शिरवते येथील तलावांत अडविलेले पाणी नळांनी घाटाखाली खोपोलीस नेऊन टाटांनी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास आरंभ केला. आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले व तिचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहाकडे वळविले गेले. निसर्गतः पूर्वेकडे वाहणारे हे पाणी मुंबईच्या गरजेसाठी पश्चिमेकडे उतरू लागले. जमिनी बुडाल्या त्या मावळच्या, दिवे लागले ते मुंबईत.

या क्रमातील मुळशीचे प्रकरण सर्वांस परिचित आहे. मुळशी शासनदृष्ट्या वेगळी असली, तरी बारा मावळांच्या मुलखातीलच आहे. निळा व मुळा यांच्या संगमाजवळील धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे प्रमुख नेते होते. या लढ्यातील एका अंतर्गत भेदाकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेली होती, आणि ती कसणारे मावळे त्यांची कुळे होती. भूसंपादनाचा मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळावयाचा. कुळाच्या वाट्याला विस्थापन तेवढे यावयाचे. त्यामुळे ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा दोघांच्या तोंडी असली, तरी तिचा अर्थ दोघांना सारखा नव्हता. सावकार मोबदल्याकडे झुकले आणि लढ्यातील जोर ओसरला. १९१९ च्या कायद्यान्वये ग्रामीण भागातील मताधिकार मुख्यतः शेतसाऱ्यावर अवलंबून होता. म्हणून बहुसंख्य कुळांना मतही नव्हते. ज्यांचा असंतोष सर्वांत खरा होता, त्यांच्यापुढे मतपेटी नव्हतीच.

नव्वद वर्षांनंतर मताधिकार सार्वत्रिक झालेला होता. पाण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. पवना धरणाचे पाणी नदीत सोडावयाचे व पिंपरी-चिंचवड महापालिकेने ते रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलावयाचे, अशी व्यवस्था होती. नदी वाहती असल्याने काठच्या शेतकऱ्यांचे पंपही चालत. धरणातूनच बंद जलवाहिनीने थेट शहरात पाणी न्यावयाचे ठरताच हे पाणी आपल्या हातून जाईल अशी धास्ती मावळात पसरली. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्ग रोखणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मृत्युमुखी पडले, त्यांत एक स्त्री होती. प्रकल्पाचे काम थांबले व ते अनेक वर्षे स्थगित राहिले. राज्यात काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचे सरकार होते, महापालिकेत राष्ट्रवादीची सत्ता होती; जनक्षोभाचा रोख साहजिकच तिकडे वळला.

पुढील निवडणुकांचा अर्थ या घटनेवरून लावण्याचा प्रघात पडला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मावळ मतदारसंघात शिवसेनेचे श्रीरंग बारणे विजयी झाले व राष्ट्रवादीचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. २०१९ मध्ये पार्थ पवार यांचा बारणे यांनी २,१५,९१३ मतांनी पराभव केला. गोळीबाराची ही परतफेड होय, असे सहज म्हटले जाते. परंतु हा निष्कर्ष तीन कारणांनी टिकत नाही.

पहिले कारण असे की, मावळची विधानसभेची जागा १९९५ पासूनच भारतीय जनता पक्षाकडे होती. म्हणजे राष्ट्रवादीविषयीची नाराजी, किंवा भाजपविषयीची ओढ, गोळीबाराच्या पूर्वीची आहे. दुसरे कारण अंकगणिताचे. २००८ च्या पुनर्रचनेने निर्माण झालेल्या या लोकसभा मतदारसंघात पनवेल, कर्जत, उरण, मावळ, चिंचवड व पिंपरी असे सहा विधानसभा विभाग येतात. ज्या मावळाचे नाव त्याला मिळाले, तो त्याचा केवळ सहावा भाग. त्या विभागात २०१९ च्या विधानसभेला झालेले एकूण मतदान सुमारे अडीच लाखांचे. सव्वादोन लाखांच्या जवळ जाणारे मताधिक्य एकट्या त्याच्या रोषातून निघणे शक्य नाही. शिवाय ज्या शहरासाठी जलवाहिनी व्हावयाची होती, त्याच शहराचे दोन विभाग या मतदारसंघात आहेत. तिसरे कारण सर्वांत बोलके आहे. लोकसभेच्या निकालानंतर पाच महिन्यांतच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, याच मावळाने भाजपचे विद्यमान आमदार व राज्यमंत्री बाळा भेगडे यांना बाजूस सारून राष्ट्रवादीच्या सुनील शेळके यांना नव्वद हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. शेळके हे उमेदवारी न मिळाल्याने भाजप सोडून आलेले होते. २०२४ मध्ये, पक्षफुटीनंतर, अजित पवार यांच्या पक्षातर्फे तेच पुन्हा विजयी झाले.

याचा अर्थ मावळ ते तीन मृत्यू विसरला, असा करणे अन्यायाचे होईल. सल राहिला, परंतु त्याला अमेरिकेच्या दक्षिणेप्रमाणे कायमची सीमारेषा मिळाली नाही. पवनाकाठचा शेतकरी आणि पिंपरीचा कामगार पुष्कळदा एकाच घरातले असतात. भाषा, देवदेवक, सोयरीक ही दोहोंकडे एकच. ‘ते’ कोण, याचे उत्तर पक्के होत नाही, तेव्हा रोष पक्षाशी बांधला जात नाही. तो उमेदवाराच्या व्यक्तिगत कामाकडे, गावकीच्या नात्यांकडे व स्थानिक तडजोडींकडे वाहून जातो. या दृष्टीने मावळ अलाबामापेक्षा विस्कॉन्सिनला जवळचा ठरतो.

तथापि येथेच थांबलो तर आपण फुल्यांच्या अर्पणपत्रिकेला विन्मुख होऊ. विस्कॉन्सिनमधील ग्रामीणांच्या ‘आम्ही’ या शब्दात कोण येत नाही, हा प्रश्न तेथे विचारला जातो. मावळातही तो विचारला पाहिजे. ‘भूमिपुत्र’ या शब्दाने सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा बोध होतो. डोंगरकुशीतल्या वाड्यांतून राहणारे, वीटभट्ट्यांवर राबणारे, बहुतांशी भूमिहीन कातकरी या शब्दात बसत नाहीत. धरणाने त्यांचेही रान गेले. परंतु सातबारा नसल्याने मोबदल्याच्या वा पाणीहक्काच्या भांडणात ते पक्षकारच होत नाहीत. १९२१ च्या कुळाला मत नव्हते. आजच्या कातकऱ्याला मत आहे, पण त्याच्या असंतोषाला नाव नाही. मावळात वंशभेदाला समांतर अशी रेषा शोधावयाची, तर ती शहर व खेडे यांच्यामध्ये सापडत नाही. ती खेड्याच्या आत, गाव आणि कातकरवाडी यांच्यामध्ये आहे.

सारांश, असंतोष हे निवडणुकीचे कारण म्हणून सांगणे अपुरे आहे. तो कोणाचा, कोणाविरुद्ध आणि ‘आम्ही’ या शब्दाची कोणती मर्यादा मानून बोलला जातो, हे ठरविल्यावाचून निकालाचे आकडे मुके राहतात. जे प्रकटपणे रुसतात त्यांचीच नोंद मतपेटीच्या इतिहासात होते. ज्यांना रुसण्याचाही अधिकार मानला गेला नाही, त्यांचा शोध अभ्यासकाने जमिनीच्या दफ्तरांतून व वाड्यावस्त्यांवरील मौखिक स्मृतींतून घ्यावयास हवा. मावळापुरते तरी ते काम अद्याप पुष्कळसे शिल्लक आहे.