पाण्याखालचे चौदा दिवस : ओडिशातील एका जुन्या भाताची आणि देशाच्या बियाणे-धोरणाची कथा

भात हे पाण्यातले पीक, असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धेच खरे आहे. भाताच्या मुळांना पाणी चालते, पण पाने पाण्याखाली गेली की बहुतेक वाणांचे रोप गुदमरू लागते. गढूळ पाण्यातून प्रकाश पोहोचत नाही आणि हवेची देवाणघेवाण जवळपास थांबते. अशा वेळी रोप एकच खटाटोप करते: साठवलेली सारी शिदोरी खर्चून ते उंच वाढू पाहते, पृष्ठभागाकडे झेपावते. पाणी दोन-चार दिवसांत ओसरले तर ठीक. आठवडा उलटला, तर लांबट, पोकळ झालेले ते रोप पाणी उतरताच चिखलावर आडवे पडते आणि कुजते. महानदी, ब्राह्मणी, वैतरणी या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांनी हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. हवामानबदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून.

या प्रदेशात धलपुटिया नावाचे एक देशी भात होते. उंच, कमी उत्पन्न देणारे, सहज लोळणारे, आणि खायलाही फारसे नावाजलेले नाही. पण पुरात बुडाले तरी ते मरत नसे. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ओडिशातील भात-संशोधकांनी या वाणातून शुद्ध वंश निवडला आणि त्याला एफआर-१३ए असे रुक्ष नाव दिले. 'एफआर' म्हणजे पूर-प्रतिकारक. तो काळ अन्नटंचाईच्या आठवणींनी झाकोळलेला होता. ऑक्टोबर १९४२ मधील चक्रीवादळ, भातावरील तपकिरी ठिपक्यांचा रोग आणि १९४३ चा बंगालचा भीषण दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १९४६ मध्ये कटकजवळ केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. (त्या दुष्काळात निसर्गाचा वाटा किती आणि युद्धकालीन राज्यकारभाराचा किती, हा वाद वेगळा, राज्यकारभाराचे पारडे जड आहे, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.)

पुढे हरितक्रांती आली. बुटके, खताला प्रतिसाद देणारे वाण आले आणि सिंचनाची हमी असलेल्या प्रदेशांचे चित्र पालटले. पूर्व भारतातील सखल शेतांना या क्रांतीचा लाभ तुटपुंजाच मिळाला. गुडघाभर उंचीचे रोप पुरात टिकणार कसे? तरीही ऐंशीच्या दशकात एका वाणाने या भागात घट्ट मूळ धरले. आंध्र प्रदेशातील मारुतेरू येथील संशोधन केंद्रात तयार झालेला तो वाण म्हणजे स्वर्णा. कमी खतातही बरे उत्पन्न, खाण्यास पसंत, बाजारात मागणी. पूर्व भारतातील लाखो हेक्टरांवर तो पसरला. त्याची दुबळी बाजू एकच होती. पूर्ण बुडाला की तो हातचा जात असे.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने जगभरातून गोळा केलेले हजारो वाण पाण्यात बुडवून तपासले, तेव्हा सर्वांत तगडे ठरलेल्या मोजक्या वाणांत एफआर-१३ए होते. त्याचा गुण आधुनिक वाणात आणण्याचे प्रयत्न सत्तरच्या दशकापासून झाले. पूर सोसणारे संकरित वंश तयारही झाले, पण शेतकऱ्यांनी ते स्वीकारले नाहीत. सोशिकतेबरोबर एफआर-१३ए चे नको ते गुणही उतरत होते, आणि भाताच्या बाबतीत शेतकरी चवीशी व दाण्याशी तडजोड करत नाही. प्रयोगशाळेला हा धडा उशिरा उमगला.

कोंडी फुटली ती गुणसूत्रांच्या नकाशामुळे. १९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी दाखवून दिले, की एफआर-१३ए च्या सोशिकतेचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरील एकाच जागेशी बांधलेला आहे. त्या जागेला 'सब-१' हे नाव मिळाले. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, 'नेचर' नियतकालिकात शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी त्यातील नेमके जनुक जाहीर केले: सब-१ए.

या जनुकाचे काम मोठे विलक्षण आहे. बुडालेल्या रोपात इथिलीन वायू साठतो. सामान्य भातात तो वाढीला चेतावणी देतो. सब-१ए असलेल्या रोपात मात्र त्याच इथिलीनमुळे हे जनुक जागे होते आणि वाढीचा संप्रेरक असलेल्या जिबरेलिनचा प्रभाव रोखते. रोप धावपळ थांबवते, कर्बोदके राखून ठेवते आणि स्तब्ध राहते. पाणी ओसरले की राखलेल्या शिदोरीवर ते नवी पाने काढते. साधारण दोन आठवड्यांपर्यंत ही युक्ती साधते.

यानंतर स्वर्णाशी वारंवार संकर करून, प्रत्येक पिढीत रेणवीय चिन्हकांच्या साह्याने रोपे निवडून, सब-१ चा तेवढाच तुकडा स्वर्णात बसवण्यात आला. या कामावरील २००७ च्या शोधनिबंधात भारतीय शास्त्रज्ञ सी. एन. नीरजा या प्रथम लेखिका होत्या. तयार झालेला स्वर्णा-सब१ हा वाण जवळजवळ सर्वार्थाने स्वर्णाच होता. डोळ्यांना दिसणारा फरक तुसाच्या रंगात: स्वर्णाचे तूस सोनेरी, याचे फिकट गवती.

येथून पुढची कथा धोरणाची आहे, आणि सहसा ती सांगितली जात नाही. भारतात हा वाण २००९ मध्ये प्रसारित झाला, म्हणजे जनुक जाहीर झाल्यापासून अवघ्या तीन वर्षांत. कृषी संशोधनात हा वेग दुर्मीळ म्हणावा लागेल. त्याला दोन गोष्टी कारणीभूत होत्या. पहिली म्हणजे हा वाण मूळ स्वर्णाहून इतका थोडा वेगळा होता, की त्याची गुणवत्ता नव्याने पटवून देण्याचे ओझे हलके झाले. दुसरी अधिक महत्त्वाची. जनुक भातातूनच भातात, नेहमीच्या संकराने आले असल्यामुळे तो कायद्याच्या दृष्टीने जनुकीय परिवर्तित वाण नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्यावर केंद्र सरकारने स्थगिती आणली, त्याच सुमारास स्वर्णा-सब१ चे बियाणे निमूटपणे ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल येथील शेतांत पोहोचत होते.

ते पोहोचवले सरकारी योजनांनी. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अभियानातून त्याची लहान पाकिटे वाटली गेली. २०१०-११ च्या अर्थसंकल्पात पूर्व भारतातील हरितक्रांतीसाठी ४०० कोटी रुपयांची तरतूद झाली, तिचाही हातभार लागला. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे ही आपली साखळी एरवी संथ चालते. जुन्या, खपणाऱ्या वाणाचेच बियाणे काढण्याकडे बियाणे महामंडळांचा कल असतो, कारण त्यात जोखीम नाही. येथे त्या साखळीला बाहेरून धक्का मिळाला आणि ती हलली.

या वाणाचा खरा हिशेब ओडिशातच मांडला गेला. २०११ मध्ये भद्रक आणि बालेश्वर जिल्ह्यांतील १२८ गावांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ६४ गावांत काही शेतकऱ्यांना पाच-पाच किलोची पाकिटे देण्यात आली. त्याच वर्षी ओडिशात मोठे पूर आले. मंझूर दार, अ‍ॅलन द जानव्री, काइल एमेरिक, एलिझाबेथ सादुले आदी संशोधकांच्या २०१३ मधील निबंधानुसार, दहा दिवस बुडालेल्या शेतात स्वर्णा-सब१ ने स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक उत्पन्न दिले. पूर नसलेल्या शेतात उत्पन्नात घट आढळली नाही.

याच निबंधातील आणखी एक निरीक्षण अधिक बोलके आहे. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांची जमीन इतरांपेक्षा अधिक पूरप्रवण असल्याचे त्यात दिसले. हा भूगोलाचा योगायोग नव्हे. उंचवट्यावरची चांगली जमीन कोणाकडे राहिली आणि पाणथळ खाचर कोणाच्या वाट्याला आले, याचा इतिहास त्यामागे आहे. त्यामुळे पूर सोसणाऱ्या बियाण्याचा लाभ सर्वाधिक वंचितांना अधिक होण्याची शक्यता निर्माण झाली. बियाणे बदलल्याने जमिनीची वाटणी बदलत नाही, हे मात्र विसरता येत नाही.

२०१६ मधील पुढील निबंधात याहून अनपेक्षित परिणाम नोंदवला गेला. पाकिटे मिळालेल्या शेतकऱ्यांनी पेरफेकीऐवजी लावणीचा कष्टाचा मार्ग अधिक धरला, खत वाढवले, कर्जाचा वापर वाढवला. पीक बुडण्याचे भय असताना शेतात पैसा ओतणे म्हणजे तो पाण्यात घालणेच. ते भय कमी होताच गुंतवणूक वाढली. म्हणजे पुराचे नुकसान केवळ पुराच्या वर्षी होत नव्हते. पूर न येणाऱ्या वर्षांतही, हात आखडता घेतल्यामुळे, ते होतच होते. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात असे नुकसान कधीच नोंदले जात नाही.

या यशाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पेरणीनंतर लगेच साचलेले पाणी, महिनाभर न हटणारे गुडघाभर पाणी, समुद्राच्या उधाणाबरोबर येणारा खारेपणा यांवर सब-१ए चा उपाय चालत नाही. आणि पूर्व भारतात एकाच हंगामात पूर व कोरड असे दोन्ही येऊ लागले आहेत. कटकच्या संस्थेने सीआर धान ८०१ आणि ८०२ हे दोन्ही ताण सोसणारे वाण दिले. आसाम कृषी विद्यापीठाने रणजित आणि बहादूर या तेथील लोकप्रिय वाणांत सब-१ आणले. २०११ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने हवामान-अनुकूल शेतीचा राष्ट्रीय उपक्रमही सुरू केला.

पण धोरणाचा एक हात देत असताना दुसरा काढून घेत होता. २०१६ मध्ये आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून शेत पाण्याखाली जाण्याला संरक्षण होते. २०१८ मध्ये त्यातून भात वगळण्यात आले. पाण्यात उभ्या असलेल्या पिकाचे पाण्याने झालेले नुकसान ठरवायचे कसे, ही अडचण पुढे करण्यात आली. सखल शेतातला भातउत्पादक त्यानंतर कित्येक खरीप हंगाम या आधारावाचून राहिला. भाताला हे संरक्षण २०२६ च्या खरिपापासून पुन्हा देण्याची घोषणा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली.

धलपुटिया मात्र शेतांतून जवळजवळ मागे पडले आहे. ते जपणाऱ्या शेतकऱ्यांची नावे कोणत्याही निबंधाच्या लेखकयादीत नाहीत. पारंपरिक वाण सांभाळणाऱ्यांच्या हक्कांसाठी देशात २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. पण बियाण्याचा तो पहिला मूठभर साठा कटकच्या संशोधकांच्या हाती आला, तेव्हा असा काही कायदा असू शकतो ही कल्पनाही कोणाला नव्हती.