पाखरांच्या नाकाचा इतिहास

भोपाळसारख्या गावात राहून समुद्रपक्ष्यांवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. इथून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र शेकडो कोस दूर. परंतु मी इतिहासाचा शिक्षक. मला पक्ष्यांइतकाच रस आहे तो त्यांच्याविषयीच्या माणसांच्या एका समजुतीत. पक्ष्यांना वास जवळजवळ येतच नाही, ही ती समजूत. शतकाहून अधिक काळ ती विद्वानांत मान्य होती. ती कशी रुजली आणि कशी उखडली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभ होतो गिधाडापासून. आपल्याकडे गिधाडाची कीर्ती नाकाची नव्हे, डोळ्यांची. रामायणातला संपाती समुद्रकाठी बसून शंभर योजनांवरची लंका पाहतो. हिंदीतला ‘गिद्धदृष्टि’ हा शब्द तर आमच्या शाळेतल्या मुलांच्याही तोंडी असतो. पाश्चात्त्य लोकांत मात्र गिधाड वासावरून मढे हुडकते असे मानत. प्रख्यात पक्षिचित्रकार ऑडुबॉन याने हे मत खोडून काढायचे ठरवले. त्याने हरणाच्या कातड्यात गवत भरून ते उघड्यावर ठेवले. गिधाड त्यावर उतरले. सडलेले डुक्कर झुडपांखाली झाकून ठेवले, तर तिकडे एकही फिरकले नाही. त्याचा निबंध १८२६ साली एडिंबरोच्या विद्वत्सभेत वाचला गेला. वाद बराच माजला, पण नाव मोठे होते. हळूहळू एका गिधाडाविषयीचा निष्कर्ष बहुतेक साऱ्या पक्षिजातीला लागू झाला.

प्रयोगात दोन गफलती असाव्यात. अमेरिकेत दोन काळी गिधाडे एकाच आभाळात फिरतात. टर्की गिधाडाचे नाक तिखट, तर दुसऱ्याचा भर डोळ्यांवर. शिवाय टर्की गिधाडालाही फार सडलेले मांस आवडत नाही. आपली गिधाडे वेगळ्याच कुळातली. ती नजरेनेच भक्ष्य शोधतात. म्हणजे संपातीची कथा आपल्या गिधाडांपुरती खरीच होती!

ही समजूत प्रथम हलवली ती तेल कंपनीच्या माणसांनी. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांच्या लक्षात आले की, वायूची नळी जिथे गळते तिथे वर टर्की गिधाडे घिरट्या घालतात. वायूला वास यावा म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे द्रव्य मिसळत. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला येतो, तोच हा उग्र वास. कुजणाऱ्या मांसातूनही असेच द्रव्य निघते. स्टेगर या संशोधकाने याचा पाठपुरावा करून १९६४ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

दुसरी साक्ष एका स्त्रीची. बेट्सी बँग या अमेरिकेतल्या वैद्यकीय चित्रकार. पक्ष्यांच्या नाकांची चित्रे काढताना, इतकी गुंतागुंतीची रचना निरुपयोगी कशी असेल, असा प्रश्न त्यांना पडला. १९६० साली त्यांनी अल्बाट्रॉस, टर्की गिधाड आदी पक्ष्यांच्या नाकांचा पुरावा मांडला. पुढे १९६८ साली एका सहकाऱ्यासह १०८ जातींच्या मेंदूतला वासाचा भाग मोजला. प्रमाणात तो सर्वांत मोठा निघाला हिमपेट्रेल या समुद्रपक्ष्याचा. वाचकांना कौतुक वाटावे अशी आणखी एक गोष्ट: भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची बंगाली कथा याच बाईंनी इंग्रजीत आणली. ‘चल रे भोपळ्या’ची ही सख्खी बहीणच.

पेट्रेल, शिअरवॉटर, अल्बाट्रॉस या पक्ष्यांच्या नाकपुड्या चोचीवर नळीसारख्या असतात. १९७२ साली ग्रब याने दाखवले की, कॉड माशाच्या तेलात भिजवलेल्या स्पंजाकडे त्यातले काही पक्षी वाऱ्याच्या उलट दिशेने येतात. पण अथांग पाण्यावर अन्नाचा वास कोठून येणार? उत्तर १९९५ साली गॅब्रिएल नेव्हिट यांनी दिले. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती कोळंबीसारखे बारीक जीव खाऊ लागले की, डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो. त्याचा माग काढत काही पेट्रेल येतात. आपल्याला जिथे कोरे पाणी दिसते, तिथे त्यांना वासाचा नकाशा असतो.

वाट शोधण्यातही नाक लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अझोर्स बेटांवरचे शिअरवॉटर ८०० किलोमीटर दूर नेऊन सोडले. डोक्याला चुंबक लावलेले पक्षी सरळ घरी परतले. वासाची शक्ती तात्पुरती घालवलेले मात्र भरकटले.

आता या इतिहासाचे ताजे पान. २०१६ साली आढळले की, समुद्रात काही आठवडे तरंगलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरते आणि त्यालाही तोच वास येतो. या वासामागे जाणारे पक्षी प्लास्टिकही अधिक गिळतात. लाखो वर्षे ज्या नाकाने पोट भरले, तेच आता दगा देते. आपल्या गिधाडांचे दुसरे काय झाले? डोळा कितीही तीक्ष्ण असला, तरी गुरांच्या मांसातले डायक्लोफेनाक त्याला कसे दिसणार? २००६ साली हे औषध गुरांसाठी बंद झाले, तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. भोपाळजवळ केरव्याला त्यांची पैदास करण्याची वेळ आली, ती त्यामुळे.

समुद्र आपल्यापासून दूर खरा. पण मुलताईला उगम पावणारी तापी बऱ्हाणपुरावरून वाहत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच समुद्रावर, आपल्याकडे पाऊस लागतो त्या सुमारास, अंटार्क्टिकाकडून बुलबुलाहून लहान विल्सन पेट्रेल येतात. घाटावरून आपण भिरकावलेली पिशवी तापीच्या पुराबरोबर निघाली, तर तिचा प्रवास त्या पाखरापाशी संपू शकतो. ते तिला वासाने ओळखील, आणि खाद्यच समजेल.