स्वादुपिंडाच्या विकरांची रक्ततपासणी : एक ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : आचरा, जि. सिंधुदुर्ग)

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील आचरा हे खाडीकाठचे गाव श्रीदेव रामेश्वराच्या देवस्थानामुळे आणि गावपळणीच्या प्रथेमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र अशा गावांना क्वचितच स्थान मिळते. तो इतिहास बहुधा महानगरांतील रुग्णालये व प्रयोगशाळा यांच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. अमायलेज व लायपेज या स्वादुपिंडाच्या विकरांची रक्ततपासणी हे त्याचे बोलके उदाहरण होय. ज्या शहरांत ही तपासणी घडली, तेथे रुग्ण पोटात कळ उठल्यानंतर काही तासांत रुग्णालय गाठू शकत होता. किनाऱ्यावरील गावातील रुग्णाला तेथवर पोहोचेपर्यंत दोन-तीन दिवस उलटून जाऊ शकतात. अहवालातील आकड्याचा अर्थ या विलंबाने कसा पालटतो, हे समजण्यासाठी तपासणीच्या जडणघडणीकडे वळणे आवश्यक आहे.

पिष्टापासून आकड्यापर्यंत

कोकणातील माणसाला या विषयाचा पहिला धडा त्याच्या ताटातच मिळतो. भाताचा घास बराच वेळ चावत राहिल्यास तो गोड लागू लागतो, कारण लाळेतील अमायलेज पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते. हेच कार्य करणारा पदार्थ पायां व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या धान्यातून वेगळा केला व त्यास ‘डायास्टेज’ हे नाव दिले. पुढे क्लोद बर्नार याने स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थांचेही विघटन करतो, हे प्रयोगांनी दाखविले. ‘एन्झाइम’ हा शब्द विल्हेल्म क्यूने याने १८७० च्या दशकात रूढ केला.

तथापि स्वादुपिंडाचा विकार जिवंत माणसात ओळखणे ही वेगळीच बाब होती. पोटात खोलवर, जठराच्या मागे असलेला हा अवयव हाताला लागत नाही. बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे सुसंगत वर्णन केले, तेव्हाही निदान प्रामुख्याने शवविच्छेदनाच्या मेजावर किंवा शस्त्रक्रियेत पोट उघडल्यावरच होत असे. १९०८ मध्ये यूलियस वोलगेमुट याने डायास्टेजचे मापन करण्याची सोपी रीत सांगितली. ओळीने मांडलेल्या नळ्यांत पिष्ट घ्यावयाचे, त्यांत तपासावयाचा द्रव कमी-कमी प्रमाणात मिसळावयाचा आणि काही काळाने आयोडीन टाकून निळा रंग कोणत्या नळीपर्यंत नाहीसा झाला ते पाहावयाचे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी लाळ व आयोडीन घेऊन जो प्रयोग करतात, त्याचेच हे मोजमापाचे रूप म्हणावे लागेल.

१९२९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील एल्मन, आर्नेसन व ग्रॅहॅम यांनी रक्तातील अमायलेजचे निदानमूल्य प्रस्थापित केले. याचा परिणाम केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिला नाही. पूर्वी केवळ गंभीर रुग्णच नजरेस येत. आता सौम्य दाहही उघडकीस येऊ लागला. त्यांपैकी अनेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात असे दिसून आले आणि तातडीने पोट उघडण्याचा आग्रह ओसरला. एका रक्ततपासणीने रोगाची व्याप्तीच नव्हे, तर उपचारांची दिशाही बदलली, हे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण होय.

१९३८ मध्ये मायकेल सोमोजी यांनी मुक्त होणाऱ्या शर्करेवरून मापन करण्याची पद्धत दिली. त्यांच्या नावाच्या एककात निरोगी व्यक्तीचे अमायलेज साधारणतः ६० ते १८० मानले जाई. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय एकक मान्य झाले, तरी वेगवेगळ्या रासायनिक संचांनी येणारे आकडे पुरते जुळले नाहीत. म्हणूनच दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून थेट तुलना करणे चुकीचे ठरते. प्रत्येक आकडा त्याच अहवालावर छापलेल्या सामान्य मर्यादेशीच ताडून पाहावा लागतो.

मागे राहिलेले लायपेज

लायपेजची कसोटी चेरी व क्रँडल यांनी १९३२ मध्येच दिली होती. परंतु ऑलिव्ह तेलाच्या मिश्रणात सीरम मिसळून २४ तास थांबण्याची ती रीत कळवळणाऱ्या रुग्णाच्या उपयोगाची नव्हती. परिणामी अधिक नेमके विकर अनेक दशके दुय्यम राहिले. को-लायपेज या सहायक प्रथिनाचा वापर करणाऱ्या जलद पद्धती आल्यानंतरच त्याला योग्य मान मिळाला.

दूरच्या गावाच्या दृष्टीने हा बदल विशेष मोलाचा आहे. दाह सुरू झाल्यावर अमायलेज काही तासांत वाढते, पण सामान्यतः तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होते. लायपेज मात्र आठ ते चौदा दिवसांपर्यंत वाढलेले राहू शकते. रक्तातील मेद फार वाढलेला असल्यास किंवा दीर्घकाळच्या मद्यपानाने स्वादुपिंड झिजले असल्यास अमायलेज मुळातच फसवे ठरू शकते. उलट गालगुंड किंवा मूत्रपिंडाचा विकार असताना स्वादुपिंड निरोगी असूनही ते वाढलेले आढळते.

विंचूदंश : कोकणचा स्वतंत्र संदर्भ

पाठ्यपुस्तकांत या दाहाची मुख्य कारणे म्हणून पित्ताशयातील खडे व मद्य यांचा निर्देश असतो. कोकणात आणखी एका कारणाची दखल घ्यावी लागते. १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी त्रिनिदाद बेटावरील विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकांना स्वादुपिंडाचा तीव्र दाह झालेला आढळला. कोकणातील लाल विंचू वेगळ्या जातीचा आहे. त्याच्या विषाने प्राण्यांत असा दाह होतो, असे भारतीय संशोधकांनी १९८९ मध्ये प्रायोगिक पुराव्याने मांडले. तथापि या विंचवाच्या दंशाने माणूस दगावतो तो मुख्यतः हृदय व फुप्फुसे निकामी झाल्याने.

रायगड जिल्ह्यात कार्य करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नेमके हेच ओळखले. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय या चिन्हांवरून येऊ घातलेले संकट त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिले आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्याच नियतकालिकात मांडला. हे संशोधन अद्ययावत प्रयोगशाळेत नव्हे, तर ग्रामीण रुग्णांच्या खाटेशेजारी उभे राहिले. विंचूदंशाच्या रुग्णाचे अमायलेज वाढलेले आले म्हणून सारे लक्ष स्वादुपिंडाकडेच वळविणे कसे घातक ठरेल, हे यावरून उघड होते.

आचरा परिसरातील आकडा

प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा मुळात हिमोग्लोबिन, हिवताप, थुंकी व लघवी अशा पायाभूत तपासण्यांसाठी उभारली गेली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तरी गंभीर आजारात येथील माणूस ओरोसबरोबरच गोव्यातील बांबोळी व कोल्हापूर येथे जात राहिला. २०१८ च्या आरंभी बांबोळीच्या रुग्णालयात गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाल्यावर सिंधुदुर्गात उमटलेला असंतोष या अवलंबनाचीच साक्ष देतो.

अशा परिस्थितीत १९९२ च्या अटलांटा वर्गीकरणाच्या २०१२ मधील सुधारित रूपाला व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते. वरच्या पोटातील विशिष्ट वेदना, सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट विकर आणि प्रतिमा-तपासणीतील खुणा या तिन्हींपैकी कोणत्याही दोन बाबी निदानास पुरेशा मानल्या आहेत. वेदना व विकर यांचा मेळ बसला, तर निदानासाठी सीटी स्कॅनची प्रतीक्षा करावी लागत नाही. शिरेतून द्रव देणे लगेच सुरू करता येते. मात्र आकडा तिपटीऐवजी दहापट आला म्हणून आजार तितका अधिक गंभीर ठरत नाही. गांभीर्य श्वास, रक्तदाब व लघवीचे प्रमाण यांवरून ठरते आणि रुग्ण पुढे पाठवावयाचा की नाही हेही त्यांवरूनच. चौथ्या दिवशी आलेल्या रुग्णाचे अमायलेज सामान्य दिसले, तर त्याला घरी पाठविण्यापूर्वी लायपेज पाहणे आणि वेदना नेमकी केव्हा सुरू झाली हे चिठ्ठीवर नोंदविणे अगत्याचे ठरते. पुढील रुग्णालयातील डॉक्टरांना तो आकडा त्या तारखेशिवाय वाचता येत नाही.