बेचिराग गावांचे गवत

जुन्या मराठी राज्यकारभारात गावाची दोन अंगे मानलेली होती, पांढरी आणि काळी. घरे, देऊळ, चावडी ज्या मातीवर उभी ती पांढरी. नांगराखाली येणारी ती काळी. काळीचेही पुन्हा दोन भाग, कीर्द आणि पड. लागवडीखालची ती कीर्द, लागवडीवाचून राहिलेली ती पड. पड जमीन कीर्दीस आणणे हे चांगल्या अंमलदाराचे लक्षण समजले जाई. त्यासाठी सरकार रयतेला कौल देई, इस्तावा बांधून देई. म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे तो वर्षागणिक चढत जाऊन ठरल्या मुदतीनंतर पुरा. लढाई, दुष्काळ वा रोगराईने वस्ती उठली की ते गाव बेचिराग झाले असे म्हणत. आज आपण ‘बेचिराख’ म्हणतो आणि मनात राख आणतो. मूळ फारसी शब्दात राख नाही, चिराग आहे. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग.

महसुली कागदांत हयात घालविल्यामुळे असेल, पण कुनोचे गवत पाहताना आम्हांला प्रथम हेच शब्द आठवले. गावे बेचिराग होणे हे शतकानुशतके राज्याचे अपयश मानले गेले. कुनोमध्ये मात्र राज्यानेच विचारपूर्वक चोवीस गावांची काळी पड केली आणि तिचे गवत होऊ दिले. आपल्याकडील भूमीच्या इतिहासातील हा उलटा इस्तावा आहे. त्याचा अर्थ लावण्याचा हा अल्प प्रयत्न.

ग्वाल्हेरहून मोहना-पोहरीमार्गे श्योपूरच्या वाटेवर सेसईपुरा लागते. तेथून तिकटोली दरवाजाने आत शिरता येते. चंबळेला मिळणारी कुनो नदी या रानाच्या मधून वाहते. करधई, खैर आणि सालई हे येथले मुख्य वृक्ष. हे रान अनादि कालापासून निर्मनुष्य असेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण ते खरे नाही. याच रानात डोभकुंड येथे कच्छपघात घराण्यातील विक्रमसिंहाचा, विक्रम संवत ११४५ म्हणजे इसवी सन १०८८ चा शिलालेख आणि जैन मंदिराचे अवशेष सापडले आहेत. जेथे असे मंदिर उभे राहते तेथे पेठ असते, श्रीमंत उपासक असतात, त्यांना पोसणारी शेती असते. ते सारे गेले आणि रान आले. पुढे रान तोडून पुन्हा गावे वसली. तेव्हा कुनोत कीर्द आणि पड यांची अदलाबदल पूर्वीही झाली आहे. मात्र ती कोणी आज्ञा देऊन केली नव्हती.

या रानात सिंह आणण्याची कल्पनाही नवी नव्हे. मध्य हिंदुस्थानातील सिंह एकोणिसाव्या शतकात संपले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माधवराव महाराज शिंदे यांनी, लॉर्ड कर्झनच्या प्रोत्साहनाने, आफ्रिकेतून सिंह आणविले. त्यांच्यासाठी डोभकुंडाच्या बाजूस उंच दगडी भिंतींचे आवार बांधले गेले. पुढे सिंह मोकळे सोडले तेव्हा ते गुरांवर आणि माणसांवर पडू लागले, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. त्या काळच्या दरबाराने गावे होती तशीच ठेवून सिंह सोडले होते. त्याच रानात सिंहांसाठी पुन्हा योजना आखली गेली, तेव्हा सिंहांआधी गावे हलविण्याचे ठरले.

ही दुसरी योजना १९९० च्या दशकातली. आशियाई सिंह जगात एकट्या गीरमध्ये उरलेले. तेथे एखादी साथ आली तर संपूर्ण जातच धोक्यात यावयाची. म्हणून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दुसऱ्या घराचा शोध घेतला आणि राजस्थानातील दोन जागांच्या तुलनेत कुनो पसंत केले. १९८१ साली सुमारे ३४५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य येथे झालेलेच होते. १९९८ ते २००३ या काळात आतील चोवीस गावांतील दीड हजारांहून अधिक कुटुंबे बाहेर वसविली गेली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. कुटुंबामागे दोन हेक्टर जमीन आणि घरादारासह सुमारे एक लाख रुपयांचे साहाय्य, असा हा नवा कौल होता.

आम्ही गेलो ते दिवाळीनंतर. पावसाळ्यातले हिरवे गवत तोवर पिवळे पडलेले असते. करधईच्या दाट रानातून गाडी एकाएकी मोकळ्यावर येते आणि छातीइतके गवत दोन्ही बाजूंस दिसते. चितळांचे कळप, एखादी नीलगाय. असे एकेक मैदान म्हणजे एकेक गाव होय. नीट पाहिले तर बांधांच्या रेषा अजून कळतात. रानात सहसा एकत्र न येणारी कडुनिंब, पिंपळ अशी झाडे एका ठिकाणी दिसली की तेथे पांढरी होती असे समजावे. जोत्याचे दगड गवतात शिरून पाहिल्यावरच सापडतात. कुसळे धोतराला, विजारीला धरून बसतात ती काढता काढता आम्हांला वाटले, की येथली मोजणी आता गवतानेच आपल्या हाती घेतली आहे.

मात्र शेत सोडले की आपोआप कुरण होते, हा समज भाबडा आहे. नांगर थांबला की पहिली काही वर्षे तण माजते. टाकळ्यासारखे झुडूप तर सारी जागा व्यापून बसते. नंतर बहुवर्षायु गवते जम धरतात. त्यांच्यामागून बोर आणि बाभूळवर्गातील काटेरी झाडे येतात, आणि कोणी हात लावला नाही तर गवताचे पुन्हा रान होते. म्हणून तण उपटणे, झुडपे काढणे, वणवा रोखणे ही कामे वनखात्याला वर्षानुवर्षे करावी लागतात. गावकऱ्यांनी मागे सोडलेली गुरे रानटी होऊन बराच काळ येथे चरत होती, त्यांचाही या घडणीत वाटा आहे. कुणब्याला शेत राखावे लागते तसेच कुरणही राखावेच लागते.

आता मुख्य गोष्ट. ज्यांच्यासाठी ही गावे उठली ते सिंह आलेच नाहीत. गुजरात सरकार सिंह देण्यास राजी झाले नाही. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंह हलविण्याचा आदेश दिला. तोही अमलात आला नाही. २०१८ मध्ये कुनोचे क्षेत्र वाढवून सुमारे ७४९ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. २०२० च्या जानेवारीत न्यायालयाने आफ्रिकी चित्ते प्रयोगादाखल आणण्यास परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते येथे आले. काही दगावले, काहींना येथेच पिल्ले झाली. आपल्याकडे १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झालेला हा प्राणी. कोल्हापूरच्या दरबाराने शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणविले होते, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. चित्त्याला धावण्यास मोकळी जागा हवी, आणि ती सहरियांच्या शेतांनी दिली.

त्या सहरियांचे काय झाले? या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदविले आहे की नवी जमीन पुष्कळ ठिकाणी खडकाळ आणि पाण्यावाचूनची निघाली. सालईचा डिंक, तेंदूची पाने, मोह, चारोळी यांवर त्यांची निम्मीअधिक गुजराण होती. ती वाट दुरावली. नुकसानभरपाई शेताची मोजली गेली, रानाची मोजली गेली नाही. शासनात काम केलेल्या कोणालाही हे उमगेल, की खसऱ्यात ज्याला रकाना नाही ते हिशेबात येत नाही.

आम्ही गवताविरुद्ध नाही. गवताळ जमिनीला ‘पडीक’ ठरविणारी आपली जुनी दृष्टी चुकीचीच होती, आणि कुनोसारखी कुरणे देशात थोडी उरली आहेत. वन्य जिवांना जागा देणे हेही सुराज्याचेच काम. पण जुन्या दप्तरात गाव बेचिराग झाले तरी त्याचे नाव पुसले जात नसे. दिवा विझल्याची नोंद राही. कुनोतील पाट्यांवर चित्त्याची माहिती आहे, अंतरे आहेत, सूचना आहेत. आमचे मागणे एवढेच, की प्रत्येक मैदानाच्या कडेला एक पाटी असावी आणि तिच्यावर त्या गावाचे नाव, तेथील घरांची संख्या व ते उठल्याचे साल असावे. येथे येणाऱ्याला चित्ता दिसो वा न दिसो, आपण कोणाच्या शेतातून जात आहोत हे त्याला कळले पाहिजे.