छत्तीस दिवस : ‘ई.टी.’ची उलटी गणती

२७ जुलै १९८२. उरले ३६ दिवस.
अटारी कंपनीचे प्रमुख रे कॅसार प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना फोन करतात. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ चित्रपटावर व्हिडिओ गेम करायचा हक्क मिळाला आहे. नाताळात गेमचं कार्ट्रिज दुकानात हवं, म्हणजे १ सप्टेंबरला कोड तयार पाहिजे. एरवी एका गेमला पाच-सहा महिने लागत. हक्कांच्या वाटाघाटी लांबल्या, त्याची भरपाई आता प्रोग्रामरच्या वेळातून होणार. ‘यार्स रिव्हेंज’ हा गेम घडवणारे वॉरशॉ हो म्हणतात.

२९ जुलै, सकाळी ८. उरले ३४ दिवस.
सॅन होजे विमानतळावर खासगी जेट उभं आहे. स्पीलबर्गना भेटायला जायचं, तेही आराखडा घेऊनच. परग्रहवासी ई.टी.ने खड्ड्यांत शोधून फोनचे तीन तुकडे जमवायचे आणि घरी फोन लावायचा, असा खेळ वॉरशॉ मांडतात. ‘पॅक-मॅन’सारखं काही करता येईल का, असं स्पीलबर्ग विचारतात. वॉरशॉ नव्याच कल्पनेवर ठाम राहतात.

ऑगस्ट. दिवस-रात्र एक.
कोड लिहिण्याची यंत्रसामग्री वॉरशॉंच्या घरीच आणून बसवली जाते, म्हणजे ऑफिसला जाण्या-येण्यातही वेळ जायला नको. चित्रांचं काम जेरोम डोमुराट सांभाळतात.

ज्यावर हा गेम चालणार, त्या अटारी २६०० यंत्रामध्ये मेमरी फक्त १२८ बाइट. पडद्याचं चित्र साठवायला जागाच नाही. ते दर वेळी रेघेरेघेने नव्याने रेखायचं. टीव्हीवर एक आडवी रेघ उमटते तेवढ्यात प्रोसेसरची ७६ चक्रं होतात. काय दाखवायचं ते चित्राच्या चिपला तेवढ्यात सांगून झालं पाहिजे. उशीर झाला की चित्र बिघडलंच. खेळाचा बराचसा हिशेब टीव्हीत चित्र रेखणारा किरण खालून वर परतताना, मधल्या फटीत उरकायचा. अशा यंत्रावर ८ किलोबाइटमध्ये वॉरशॉ अख्खं जग बसवतात.

एक खोट मात्र राहून जाते. दोन आकृत्यांचा एक ठिपका जरी एकमेकांवर आला, तरी चिप टक्कर नोंदवते. ई.टी.चे पाय काठावर सुरक्षित असले, तरी डोकं खड्ड्याच्या चित्राला लागलं की तो आत पडतो. मान लांबवून तरंगत वर यावं, तर बाहेर पाऊल टाकताच पुन्हा आत. चार मुलांच्या हाती जॉयस्टिक दिली असती, तर हे तासाभरात कळलं असतं. पण खेळाडूंकडून चाचणी घेण्याचा टप्पा वेळेअभावी गाळलेला असतो.

१ सप्टेंबर. उरले ० दिवस.
कोड ठरल्या दिवशी हाती पडतो. तारीख पाळली गेली.

डिसेंबर १९८२.
सुमारे ४० लाख कार्ट्रिज तयार झालेली असतात. नाताळात खप बरा होतो, पण मुलं खड्ड्यांना वैतागतात. लाखो कार्ट्रिज पडून राहतात.

७ डिसेंबर.
अटारीची मालक वॉर्नर कम्युनिकेशन्स जाहीर करते, की नफ्यातली वाढ ५० टक्क्यांऐवजी १० ते १५ टक्केच होईल. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे एक तृतीयांशाने कोसळतो.

१९८३.
दुकानं मालाने तुंबलेली, भाव पडलेले. अटारीचा वर्षाचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर जातो. सप्टेंबरमध्ये टेक्सासमधल्या एल पासोहून न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत रिकामे होतात. वर काँक्रीट ओततात. पुढच्या वर्षी वॉर्नर अटारीचा घरगुती व्यवसाय विकून टाकते.

२६ एप्रिल २०१४.
ती जागा खणली जाते. ‘ई.टी.’बरोबर अटारीचे इतरही अनेक गेम निघतात. एकट्या ‘ई.टी.’ने अटारी बुडवली, ही दंतकथा तिथेच खोटी ठरते. कंपनी बुडाली ती बेसुमार उत्पादनाने आणि नाव विकलं की खेळही विकला जाईल या समजुतीने.

त्याआधीच एका हौशी प्रोग्रामरने मूळ कोड उलगडला आणि पाय खड्ड्यात गेले तरच ई.टी. पडेल, अशी दुरुस्ती केली. यंत्र तेच, खेळ तोच. ‘ई.टी.’ला ‘जगातला सर्वांत वाईट गेम’ म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवं. वॉरशॉंना कौशल्य कमी पडलं नव्हतं. वेळ कमी पडला होता, आणि तो किती द्यायचा हे त्यांनी ठरवलं नव्हतं.