लहान मैदानाची नियमावली

फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सात या संख्येला एक वेगळे स्थान आहे. अकरा खेळाडूंच्या संघात सातांहून कमी खेळाडू उरले, तर सामना सुरू करता येत नाही आणि चालू सामना पुढे नेता येत नाही. म्हणजे मोठा खेळ जेथे संपतो, तेथून सात-सातचा खेळ सुरू होतो. लहान संघांच्या हौशी स्पर्धांची नियमावली ही मोठ्या नियमांची कातरून लहान केलेली आवृत्ती होय, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हाला तो पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागेल. पण आधी एका ठिकाणाकडे पाहू.

पनवेलजवळचे रोडपाली हे मूळचे गाव आज कळंबोलीच्या वसाहतीला लागून, 2016 साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेते गेली, सेक्टर आले. अशा ठिकाणी मुले खेळतात ती दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत, किंवा जाळीने वेढलेल्या, तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर. तेथील स्पर्धेच्या पत्रकात दहा-दहा मिनिटांचे दोन डाव लिहिलेले असतात. ही दहा मिनिटे खेळाडूच्या दमावरून ठरत नाहीत. टर्फचे भाडे भागिले संघांची संख्या, या हिशेबातून ती येतात. नियमाच्या एका ओळीत जागेचे अर्थशास्त्र असे दडलेले असते.

आता मोठ्या खेळाचा आरंभ पाहू. 1863 साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी 13 नियम सिद्ध केले. त्या नियमांत खेळाडूंची संख्या नाही, खेळाचा वेळ नाही आणि पंचाचा उल्लेखही नाही. मैदानाची लांबी जास्तीत जास्त 200 यार्ड एवढे सांगितले आहे. किती जणांनी खेळावे हे दोन्ही बाजूंनी आपसांत ठरवायचे होते. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी, यावर मात्र कडाक्याचा वाद झाला आणि ती मुभा नाकारली गेल्यामुळे ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. तेव्हा फुटबॉलचा पहिला नियमग्रंथ हा मूलतः शेजाऱ्यांचा करार होता. आपण एकमेकांना काय करणार नाही, एवढेच त्याला सांगायचे होते.

पुढे प्रत्येक बाजूचा एकेक पंच आला आणि त्यांचे एकमत न झाल्यास दाद मागण्यासाठी मैदानाबाहेर एक तिसरा माणूस. 1891 साली हा तिसरा माणूस मैदानात उतरला. निर्णय त्याच्या हाती गेला. पेनल्टी किकचा नियमही त्याच वर्षीचा. सभ्य माणूस जाणूनबुजून आगळीक करणार नाही, हे गृहीतक त्या नियमाने सोडून दिले. योगायोग असा की मुंबईत रोव्हर्स कप ही स्पर्धा सुरू झाली तीही 1891 सालीच. प्रारंभी ती गोऱ्या पलटणींची स्पर्धा होती. तो चषक भारतीय संघाने, बंगलोर मुस्लिम्सने, प्रथम जिंकला तो 1937 साली. म्हणजे मुंबईच्या मोठ्या मैदानांवर स्पर्धात्मक फुटबॉल रुजला तो करार म्हणून नव्हे, तर निर्णय देणाऱ्या पंचासह.

आपल्याकडच्या कोणत्याही स्पर्धेच्या पत्रकात शेवटी एक वाक्य असते : ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ निबंधस्पर्धा असो, भजनस्पर्धा असो, ‘पंच’ जाऊन ‘परीक्षक’ येतात, वाक्य तेच राहते. साहित्याच्या अभ्यासकांनी यातील ‘राहील’कडे लक्ष द्यावे. ते रूप भविष्यकाळाचे आहे, पण ते भाकीत नव्हे. ती आज्ञाही नव्हे. वाद होणार हे त्याने आधीच मान्य केलेले असते, आणि तो कोठे थांबेल एवढेच ते सांगते.

लहान फुटबॉलची नियमावली मोठ्या नियमांतून कापून निघाली नाही, याचा पुरावा उरुग्वेत सापडतो. 1930 साली, ज्या वर्षी पहिली विश्वचषक स्पर्धा माँटेव्हिडिओत झाली, त्याच शहरात वायएमसीएचे शिक्षक हुआन कार्लोस सेरिआनी यांनी बास्केटबॉलच्या आकाराच्या जागेत खेळता येईल असा फुटबॉल रचण्यास आरंभ केला. पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटे बास्केटबॉलकडून, गोलाचे माप हँडबॉलकडून, गोलरक्षकाचे नियम वॉटरपोलोकडून. आजच्या फुटसालमध्ये गोल 3 मीटर रुंद असतो, ऑफसाइड नसतो, आणि एका डावात संघाचा सहावा फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला भिंतीविना थेट फटका मिळतो. हा शेवटचा नियम लहान जागेच्या अनुभवातून आलेला आहे. मैदान लहान असले की बारीकसारीक आगळीक फायद्याची ठरते; म्हणून तिची बेरीज ठेवावी लागते.

ही रचनाबुद्धी मराठीलाही परकी नाही. खो-खोच्या नियमांसाठी 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने समिती नेमली. हुतूतूचे नियम 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने छापले. कबड्डीच्या प्रकारांना मिळालेली नावे पाहावीत : संजीवनी, गामिनी, अमर. बाद झालेला गडी परत येतो, सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नाही, किंवा गुण जाऊनही मैदानातच राहतो. मृत्यूविषयीच्या तीन कल्पनाच नियमांत उतरल्या आहेत. कबड्डीतही मैदानात गडी सातच असतात, हे जाता जाता नोंदवावे.

मग रोडपालीसारख्या ठिकाणी खरा वाद कशावरून होतो? ऑफसाइडवरून नव्हे, तर ‘बाहेरचा खेळाडू’ या शब्दांवरून. इंग्लंडमध्ये 1885 साली व्यावसायिक खेळाडूंना मान्यता देताना हीच अडचण आली होती. अशा खेळाडूने एफ.ए. कपमध्ये खेळायचे, तर त्याचा जन्म मैदानापासून सहा मैलांच्या आत झालेला असावा किंवा तेथे तो दोन वर्षे राहत असावा, असे ठरले. जन्म की वास्तव्य? आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. गावठाणातल्या मुलाच्या आजोबांचे शेत या सेक्टरांखाली गेलेले असते. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984च्या आंदोलनात याच परिसरात पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले आहेत. दुसरा मुलगा भाड्याच्या घरात वाढलेला असतो. त्याचे गाव साताऱ्याकडे किंवा केरळात असते. ‘फक्त स्थानिक खेळाडू’ अशी ओळ पत्रकात लिहिणाऱ्याला ती बहुधा सोपी वाटते. प्रत्यक्षात तिच्यात अर्ध्या शतकाचा इतिहास आहे, आणि ती चुकीची लिहिली तर सातांपैकी एखाद्याला घरी परत जावे लागते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, ही पत्रके जपून ठेवावीत आणि वाचावीत. ती जेथे लिहिली जातात तेथे 1863ची ती बैठक दर वर्षी पुन्हा भरते : टर्फच्या जाळीबाहेर चार कर्णधार उभे असतात आणि कोणाला खेळू द्यायचे ते ठरवतात. पंचाचा निर्णय अंतिम राहील हे खरेच; परंतु ‘स्थानिक’ कोण, हा निर्णय पंच देत नाही. तो शिट्टी वाजण्यापूर्वीच, पत्रक लिहिणाऱ्याने दिलेला असतो.